बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल: वेग चुकणं वेगळं, वेग डगमगणं वेगळं

स्वस्तातल्या बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबलबद्दलची (मोटर रबरी पट्ट्यानं चकती फिरवते तो रेकॉर्ड प्लेअर) तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "स्पीड बरोबर नाही." या वाक्यामागे दोन निरनिराळे आजार असतात. एकात सरासरी वेगच चुकलेला असतो, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची चकती) कायम ३३.६ नं फिरतो. दुसऱ्यात सरासरी अगदी बरोबर असते, पण प्रत्येक फेऱ्यात वेग जरा चढतो आणि जरा उतरतो. पहिल्यावरचा उपाय ट्रिमपॉट (वेग लावायचा छोटा स्क्रू), पुलीचा (मोटरच्या दांड्यावरच्या चाकाचा) व्यास किंवा बेल्टची जाडी. दुसऱ्यावरचा उपाय भागांची गोलाई, तेल आणि स्वच्छता. जड प्लॅटर घेऊन पहिला आजार बरा होत नाही आणि स्क्रू पिळून दुसरा जात नाही. भाग बदलण्यावरचे निम्मे पैसे या गल्लतीपायीच वाया जातात.

किती चूक म्हणजे चूक, हे आधी ठरवू. वेगात १ टक्का फरक म्हणजे स्वर सुमारे १७ सेंटनी (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) सरकतो. पूर्ण अर्धस्वर सरकायला जवळजवळ ६ टक्के लागतात. जुन्या डीआयएन ४५५०० या हाय-फाय मानकात सरासरी वेगाला +१.५ ते −१ टक्का आणि वाव-फ्लटरला (वेगाच्या डगमगीला) ०.२ टक्के अशी मुभा होती. ०.३ टक्के स्थिर चूक, म्हणजे सुमारे ५ सेंट, रेकॉर्डसोबत वाद्य वाजवत बसल्याशिवाय कुणाला कळणार नाही. तेवढंच ०.३ टक्के डगमगणं मात्र पियानोच्या लांबलेल्या स्वरात लगेच कानाला टोचतं. त्यामुळे मोबाइलवर ३३.४१ दिसलं म्हणून झोप उडवून घेऊ नका. पियानो "ओला" ऐकू येत असेल, तर मात्र जरूर शोध घ्या.

आधी मोजा

सगळ्यात भरवशाची पद्धत फुकटची आहे. प्लॅटरच्या कडेला कागदाचा छोटा चिकटपट्टा लावा, रेकॉर्ड ठेवा, सुई खाली सोडा आणि स्टॉपवॉच घेऊन १०० फेरे मोजा. ३३⅓ ला बरोबर १८० सेकंद लागायला हवेत, ४५ ला १३३.३ सेकंद. ६००० ला मिळालेल्या सेकंदांनी भागलं की आरपीएम (मिनिटाला फेरे) हातात येतो. समजा १७८.६ सेकंद लागले, तर वेग ३३.५९, म्हणजे सुमारे ०.८ टक्के जास्त. बोट ०.२ सेकंद चुकलं तरी उत्तरात फरक पडतो तो फक्त ०.१ टक्का. एकच खबरदारी घ्या: पट्टा पहिल्यांदा समोर येईल तेव्हा "शून्य" म्हणा, "एक" नाही. एक फेरा चुकला की सरळ १ टक्का चूक गळ्यात पडते.

सुई खाली असायलाच हवी. खोबणीतलं घर्षण प्लॅटरला ओढून धरतं. साध्या डीसी मोटरच्या यंत्रात, त्यातही सुईचं खोबणीवर पडणारं वजन ३ ग्रॅमच्या आसपास असेल तर, हा फरक मोजण्याइतका असतो. रिकाम्या प्लॅटरवर लावलेला वेग गाणं सुरू होताच खाली येतो.

मोबाइलमधली जायरोस्कोपवाली अ‍ॅप सोयीची आहेत, पण सेन्सरचं कॅलिब्रेशन प्रत्येक फोनमध्ये वेगळं असतं. आधी १०० फेऱ्यांशी ताडून पाहा, फोन किती चुकतो ते लिहून ठेवा आणि मग वापरा. फोन मध्यभागी ठेवा. दोनशे ग्रॅमचं वजन एका बाजूला आलं, तर हलका प्लॅटर झुकतो आणि बेअरिंगवर तिरका दाब येतो.

स्ट्रोब डिस्क (कडेला रेघा छापलेली चकती) वापरणार असाल तर थोडं गणित लक्षात ठेवा. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून ३३⅓ साठी १८० रेघा लागतात. ६० हर्ट्झला त्याच २१६ होतात. रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर, फिरण्याच्या दिशेनं सरकल्या तर जास्त, उलट सरकल्या तर कमी. ५० हर्ट्झवर सेकंदाला एक रेघ सरकली म्हणजे १ टक्का चूक, मिनिटाला ३० सरकल्या तर अर्धा टक्का. ४५ ला गोम अशी की बरोबर आकडा १३३⅓ येतो आणि तृतीयांश रेघ छापता येत नाही. १३३ रेघांची डिस्क अगदी स्थिर दिसली, तर यंत्र प्रत्यक्षात पाव टक्का जास्त पळतंय. अचूक ४५ ला त्या रेघा मिनिटाला १५ या गतीनं मागे सरकायला हव्यात. शिवाय हल्लीचे बरेच एलईडी दिवे विजेच्या ठोक्यावर लुकलुकतच नाहीत, त्यांच्या उजेडात डिस्क नुसती राखाडी दिसते. निऑनचा छोटा दिवा हे काम चोख करतो. इन्व्हर्टरवर मात्र ही तपासणी करू नका, त्याचे ५० हर्ट्झ खरे ५० असतीलच असं नाही.

डगमग मोजायला ३१५० हर्ट्झचा सूर असलेली टेस्ट रेकॉर्ड लागते. तो सूर संगणकात रेकॉर्ड करून वारंवारता पाहा. ३१८२ दिसली तर वेग १ टक्का जास्त आहे. आकडा खाली-वर होत असेल, तर तो किती होतो आणि मुख्य म्हणजे *किती वेळानं* होतो, हे टिपून ठेवा. त्याचा उपयोग पुढे आहे.

स्क्रू फिरवण्याआधी

वेग कमी दाखवणाऱ्या जुन्या यंत्रात मूळ कारण बहुतेकदा मळ असतं. पुलीवर रबराची काळी, चकचकीत पुटं चढतात आणि बेल्ट घसरतो. लिंट न सुटणारं कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पुली आणि सब-प्लॅटरची (प्लॅटरखालची, बेल्ट बसतो ती छोटी चकती) कड पुसा. बेल्टला मात्र अल्कोहोल लावत बसू नका, रबर कोरडं पडतं. त्यासाठी कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पुरतो. धुऊन झाल्यावर सावलीत पूर्ण वाळवा. बोटांचं तेलही बेल्टला पुरेसं निसरडं करतं, म्हणून बसवताना हात कोरडे आणि स्वच्छ ठेवा.

धुऊनही बेल्ट चकाकत असेल, ताणल्यावर बारीक तडे दिसत असतील किंवा काढून ठेवल्यावर पुलीच्या जागी बाक तसाच राहत असेल, तर नवा घ्या. माप घेताना पुली आणि सब-प्लॅटरभोवती दोरा फिरवून एकूण मार्ग मोजा आणि त्यातून ३ ते ५ टक्के वजा करा. बेल्टची मापं सांगण्याच्या तऱ्हा अनेक आहेत: कुणी आतला परीघ देतं, कुणी व्यास, कुणी दुमडून सपाट केलेली लांबी. ही तिसरी तऱ्हा परिघाच्या निम्मी असते, आणि चुकीचा बेल्ट घरी येतो तो बहुधा तिच्यामुळे. फार आखूड बेल्टही वाईटच. मोटरच्या शाफ्टवर बाजूनं ओढ बसते, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजते आणि मोटरची घरघर प्लॅटरपर्यंत पोहोचते. नवा बेल्ट घातल्यावर यंत्र काही तास नुसतं फिरू द्या आणि मगच वेग लावा.

मग बेअरिंग, म्हणजे प्लॅटरचा दांडा ज्यात फिरतो तो भाग. बेल्ट काढून प्लॅटरला हातानं गती द्या आणि तो किती सेकंदांत थांबतो ते लिहून ठेवा. आकडा प्रत्येक यंत्राचा वेगळा येईल. महत्त्व तुमच्याच यंत्राच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यातल्या फरकाला आहे. स्पिंडल (तो दांडा) वर काढून जुनं, काळं पडलेलं तेल कापसाच्या काडीनं टिपून घ्या आणि निर्मात्यानं सांगितलेलं तेल दोन-तीन थेंब टाका. सूचना मिळत नसेल तर शुद्ध, पातळ खनिज तेल चालतं, शिलाई मशीनचं असतं तसलं. गंज सैल करायचा स्प्रे किंवा स्वयंपाकाचं तेल मात्र नको: पहिला उडून जातो, दुसरं काही महिन्यांत चिकट राळ होतं. सिंटर्ड ब्राँझची बुश असेल तर ती सॉल्व्हंटनं धुऊ नका. तिच्या छिद्रांत मुरलेलं तेलच बाहेर निघून जातं. तेल घातल्यावर स्पिंडल आत सोडला की तो हवा ढकलत सावकाश खाली बसायला हवा. धपकन पडला तर तेल कमी आहे किंवा बुश झिजली आहे.

डीसी मोटर असेल तर

अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या स्वस्त यंत्रांत बहुधा आतच गव्हर्नर (वेग स्थिर राखणारं) सर्किट असलेली डीसी मोटर असते. मोटरच्या बुडाला किंवा शेजारच्या बोर्डावर एक-दोन छिद्रं दिसतात, आत ट्रिमपॉट असतात. पद्धत अशी: यंत्र १५ मिनिटं चालवून गरम होऊ द्या. पॉटची मूळ जागा फोटो काढून नोंदवा. २ मिमीचा, शक्यतो प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि एका वेळी घड्याळाच्या काट्याच्या एका मिनिटाएवढंच फिरवा. पॉट इतका संवेदनशील असतो की "जरासं" फिरवलं तरी वेग २-३ टक्के उडी मारतो. बऱ्याच बोर्डांवर ३३ आणि ४५ चे पॉट एकमेकांवर परिणाम करतात. म्हणून एक लावा, दुसरा लावा, मग पहिला पुन्हा तपासा. दोन-तीन चकरांत दोन्ही जागेवर येतात.

वेग लावला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकला, तर बहुधा पॉटच खराब आहे. कार्बन ट्रॅकवर मळ बसला की संपर्क तुटक होतो. वीज काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब सोडा आणि पॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवा. तेवढ्यानं भागत नसेल तर तेवढ्याच ओहमचा बहुफेरी (टोकापासून टोकापर्यंत अनेक फेरे घेणारा) ट्रिमपॉट लावा, एक टक्का शोधणं फारच सोपं होतं. क्लीनर मोटरच्या आत मात्र फवारू नका. ब्रश स्वच्छ होतील, पण बुशमधलं तेल धुऊन जाईल आणि आठवड्याभरात मोटर किरकिरायला लागेल.

"चांगला" अ‍ॅडॉप्टर लावल्यानं वेग सुधारतो, हा समज बराच पसरलेला आहे. गव्हर्नर असलेली मोटर ठरावीक मर्यादेत व्होल्टेजची पर्वाच करत नाही. मूळ अ‍ॅडॉप्टर लोडखाली कोसळत असेल (मल्टिमीटर लावून मोटर चालू असताना पाहा) तर बदला. एरवी वेगाच्या नावाखाली त्यावर खर्च नको.

काही नव्या यंत्रांत ऑप्टिकल सेन्सरनं वेग पाहून मोटरला दुरुस्त करणारा सर्व्हो असतो. तिथे वेग अचानक वेडावाकडा झाला तर आधी सेन्सरवरची धूळ पुसा.

सिंक्रोनस मोटर असेल तर

रेगा प्लानर मालिकेतल्या किंवा प्रो-जेक्ट डेब्यूसारख्या यंत्रांत एसी सिंक्रोनस मोटर असते. तिचा वेग विजेच्या वारंवारतेला बांधलेला. व्होल्टेज थोडं पडलं तरी तो हलत नाही. २४ ध्रुवांची मोटर ५० हर्ट्झवर २५० आरपीएमनं फिरते, ६० हर्ट्झवर ३०० नं. म्हणजे इथे फिरवायला स्क्रू नाही, सगळं पुली आणि बेल्टच्या मापावर.

दुसऱ्या देशातून आणलेलं यंत्र ३३⅓ ऐवजी २७.८ किंवा ४० नं फिरत असेल तर काही बिघडलेलं नाही, पुली दुसऱ्या वारंवारतेची आहे. योग्य पुली लावली की काम झालं.

खरी गंमत लहान चुकांत आहे. बेल्ट पुलीवर चढतो तेव्हा कामाचा व्यास म्हणजे पुलीचा व्यास अधिक बेल्टची जाडी. समजा पुलीचा असा परिणामी व्यास १३ मिमी आणि सब-प्लॅटरचा ९८ मिमी. बेल्ट ०.१ मिमी जाड आला तर पुलीकडे ०.७७ टक्के वाढ होते, सब-प्लॅटरकडे ०.१ टक्का, आणि वेग सुमारे ०.६७ टक्के वाढतो. बेल्ट बदलल्यावर "स्पीड वाढला" असं वाटतं तो भास नसतो. म्हणूनच सिंक्रोनस यंत्राला बेल्ट घेताना लांबीइतकीच जाडी पाहावी. मूळ बेल्ट फेकण्याआधी व्हर्नियरनं मोजून ठेवा, आणि मोजताना रबर दाबू नका. हेच गणित उलटंही वापरता येतं: यंत्र अर्धा टक्का जास्त पळत असेल, तर तितक्या हिशेबानं पातळ बेल्ट हा सर्वांत साधा उपाय.

वेग कमी असेल तर पुलीवर टेपचा वेढा देण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. सरासरी खरंच सुधारते. ०.०५ मिमी जाडीच्या टेपचा एक थर व्यास ०.१ मिमीनं वाढवतो. पण टेपची टोकं जिथे एकमेकांवर येतात किंवा फट राहते, तिथे पुलीला उंचवटा नाहीतर खड्डा पडतो आणि तो सेकंदाला चार वेळा बेल्टखालून जातो. एक आजार बरा करताना दुसरा लावून घेतला. तात्पुरती चाचणी म्हणून ठीक, कायमची म्हणून नाही. चालत्या पुलीला सँडपेपर लावून बारीक करणं त्याहून वाईट. सपाट बेल्टच्या पुलीला मधोमध जो हलका फुगीरपणा असतो, तोच बेल्टला जागेवर धरतो. तो घासला गेला की बेल्ट वर-खाली भटकायला लागतो.

नीट उपाय म्हणजे मोटरला स्वतंत्र साइन जनरेटरमधून (हव्या त्या वारंवारतेची वीज बनवणाऱ्या यंत्रातून) वीज देणं. ४९.५ हर्ट्झ दिले की वेग १ टक्का उतरतो, ६७.५ दिले की त्याच पुलीवर ४५ मिळतो आणि वेग बदलायला बेल्ट पुलीच्या दुसऱ्या पायरीवर हातानं सरकवायची कटकट संपते. प्रो-जेक्टचा स्पीड बॉक्स आणि रेगाचे वीजपुरवठे हेच काम करतात. डेब्यू कार्बन ईव्होमध्ये हे इलेक्ट्रॉनिक्स आतच आहे. स्वतः बांधणार असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: जुन्या मोटरी थेट घरगुती विजेवर चालतात आणि फेज कपॅसिटरच्या टोकांना पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेज असू शकतं. प्लग काढल्याशिवाय बुडाचं झाकण उघडू नका. हाच कपॅसिटर म्हातारा झाला की मोटर थरथरते, किंवा कधी उलट्या दिशेनं सुरू होते. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि प्रकार फिल्म. इलेक्ट्रोलिटिक चालणार नाही.

डगमग कुठून येते

इथे मघाशी टिपलेला वेळ कामाला येतो. सूर १.८ सेकंदांनी, म्हणजे दर फेऱ्याला एकदा हलत असेल तर दोष प्लॅटर, सब-प्लॅटर किंवा रेकॉर्डमध्ये. सेकंदाला चारदा थरथरत असेल तर मोटर किंवा पुलीत. या दोहोंत न बसणाऱ्या, ठरावीक अंतरानं येणाऱ्या धक्क्याला बहुधा बेल्टवरचा बाक किंवा सांधा कारण असतो.

पुलीचा दोष सर्वांत त्रासदायक. १३ मिमीच्या पुलीचा मध्य फक्त ०.०२ मिमी ढळला असेल तर बेल्टचा वेग ±०.३ टक्के हलतो, आणि तोही ४ हर्ट्झच्या आसपास, जिथे माणसाचा कान डगमगीला सर्वांत जास्त संवेदनशील असतो. वाव-फ्लटर मोजायच्या मानकात वेगवेगळ्या डगमगींना दिलेल्या महत्त्वाचा (वेटिंगचा) कळससुद्धा तिथेच आहे. बेल्टची लवचीकता आणि प्लॅटरचं जडत्व यातलं बरंच गिळतात, सगळं नाही. ९८ मिमीच्या सब-प्लॅटरला मात्र ०.०५ मिमी ढळ असला तरी ±०.१ टक्काच पडतो, आणि तोही संथ. बाजारात अ‍ॅल्युमिनियमच्या सब-प्लॅटरचा गाजावाजा जास्त, पण नीट कातलेली पुली आधी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि दोष यंत्राचा ठरवण्याआधी रेकॉर्डचं भोक पाहा. भोक ०.५ मिमी सरकलेलं असेल तर १०० मिमी त्रिज्येवर ±०.५ टक्के वाव होतो, शेवटच्या गाण्याजवळ ६० मिमीवर ±०.८. स्वस्तातल्या यंत्राच्या स्वतःच्या डगमगीपेक्षा हे कितीतरी जास्त. नाकामिचीनं टीएक्स-१००० मध्ये रेकॉर्ड आपोआप मध्यावर आणणारी यंत्रणा बसवली होती ती उगीच नाही. आपल्याला साधी परीक्षा पुरते: टोनआर्म दर फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलतोय का पाहा. मग रेकॉर्ड प्लॅटरवर अर्धा फेरा वळवून पुन्हा वाजवा. डगमगीचा वरचा बिंदू रेकॉर्डच्या लेबलासोबत सरकला तर दोष रेकॉर्डचा, प्लॅटरवरच्या खुणेपाशीच राहिला तर यंत्राचा.

भाग बदलायचेच असतील तर

जड प्लॅटर बारीक थरथर गुळगुळीत करतो, त्यातही वजन कडेला असेल तर जास्त. पण बेअरिंगच्या तळाच्या चेंडूवर भार वाढतो, आणि कमजोर मोटर सुरुवातीला बेल्ट घसरवत राहते. मूळ वजनाच्या दीडपटीपलीकडे जाऊ नये. अ‍ॅक्रिलिक प्लॅटर घेतला की बहुधा मॅट काढून टाकतात. त्यानं रेकॉर्डची उंची बदलते. उंचीतला ३ मिमी फरक २३० मिमीच्या टोनआर्मला पाऊण अंश कलवतो. आर्मची उंची बदलता येत नसेल, तर नवा प्लॅटर जुन्या प्लॅटर-मॅटच्या एकूण जाडीचाच शोधा. फेल्टची मॅट रेकॉर्डला चिकटून वर येते, एवढ्या कारणासाठीही ती बदलायला हरकत नाही. कॉर्क किंवा रबर घ्या, पण जाडी तीच.

आवाजात सर्वांत मोठा फरक सुईनं पडतो, वेगाशी तिचा थेट संबंध नसला तरी. ऑर्टोफॉन २एम रेडच्या देहावर २एम ब्लूची सुई सरळ बसते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत शंक्वाकृती सुईपासून मायक्रोलिनिअरपर्यंत सगळ्या सुया एकमेकींच्या जागी चालतात. सुई बदलली, वजन बदललं, की १०० फेरे पुन्हा मोजा. ३ ग्रॅमवरून २ ग्रॅमवर आलात तर साध्या डीसी मोटरचा वेग किंचित चढलेला सापडेल.

यंत्र महिनाभर बंद राहणार असेल तर बेल्ट पुलीवरून उतरवून ठेवा. उतरवायचा विसरलात आणि सुरू केल्यावर ठराविक अंतरानं धक्का ऐकू आला, तर अर्धा तास रिकामं फिरवा. बाक बहुधा निघून जातो. नाही गेला तर बेल्ट बदला, आणि जाडी मोजायला विसरू नका.